सोळा गुंठ्यांचं आभाळ

मंचरच्या बाजूला जमिनीचा हिशेब गुंठ्यांत चालतो. वाटणी गुंठ्यांत, भांडण गुंठ्यांत, यंदा कांदा किती लावला तेही गुंठ्यांत. म्हणून जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या दुर्बिणीचं माप मी आधी गुंठ्यांत काढून पाहिलं. एका तबकडीचा व्यास ४५ मीटर. तोंडाचं क्षेत्रफळ १,५९० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेसोळा गुंठे. अशा ३० तबकड्या. एकूण पावणेबारा एकर. चांगल्या बागायतदाराचं रान असावं तेवढं क्षेत्र खांबांवर उचलून आभाळाकडे तोंड करून धरलेलं आहे, आणि वरून जे सांगतील त्या दिशेला ते वळतं.

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, आपल्याकडे सगळे ‘जीएमआरटी’ किंवा नुसतं ‘खोडदची दुर्बीण’ म्हणतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली. कल्पना गोविंद स्वरूप यांची. जन्म १९२९चा, २०२० साली पुण्यात गेले. एवढ्या मोठ्या तबकड्या पत्र्याच्या केल्या असत्या तर वाऱ्याला तोंड देण्यासाठी त्यांना इतकं लोखंड लागलं असतं की प्रकल्प कागदावरच राहिला असता. स्वरूप यांनी पत्रा काढून टाकला आणि स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरखंडांवर ताणून बसवली. जाळीची भोकं १ ते २ सेंटीमीटरची. वारा आरपार जातो. पण हातभर लांबीच्या रेडिओ लहरीला बोटभर भोक जाणवतच नाही, तिच्या दृष्टीने तो सलग आरसाच असतो. धान्य अडवून कोंडा जाऊ देणारी चाळण घरोघरी असते. इथे वारा सोडून आभाळ अडवणारी चाळण आहे.

चौदा तबकड्या खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरात आहेत. उरलेल्या सोळा तीन दिशांना हात पसरल्यासारख्या गेल्या आहेत. दोन टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं, म्हणजे मंचरहून निघालेली एसटी नारायणगाव मागे टाकून पुढे जाते तितकं. तीस तबकड्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या तर ४३५ होतात. एकच लहर जोडीतल्या एकीवर आधी आणि दुसरीवर किंचित नंतर पोहोचते. तो फरक सगळ्या जोड्यांसाठी मोजला की २५ किलोमीटर रुंदीची एकच तबकडी जेवढं बारीक पाहू शकली असती तेवढं बारीक दिसतं.

या पावणेबारा एकरांत पीक कशाचं निघतं? शोधनिबंधाचं. दुसरं काहीच नाही. संगणकात साठलेली मापं कुणीतरी तपासली, लिहून काढली, नियतकालिकाकडे पाठवली आणि ती छापून आली, तरच या सगळ्या लोखंडातून काही निघालं असं म्हणता येतं.

एक उदाहरण घेऊ. हायड्रोजनचा एकटा अणू म्हणजे एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांची फिरकी एका दिशेची असेल तर कधीतरी इलेक्ट्रॉनची फिरकी उलटते आणि २१ सेंटीमीटर लांबीची, म्हणजे वीतभर, रेडिओ लहर सुटते. यातलं ‘कधीतरी’ नीट ऐकण्यासारखं आहे: सरासरी १ कोटी १० लाख वर्षांतून एकदा. आपल्या डोळ्यांपुढे एक अणू ठेवला तर तो काही बोलण्याआधी माणूसजात येऊन जाईल. पण अणू एकटा नसतो. एका ग्रॅम हायड्रोजनमध्ये ६ वर २३ शून्यं इतके अणू मावतात, आणि त्यामुळे आकाशातल्या विरळ ढगातला तेवढा एक ग्रॅम वायू सेकंदाला १०० कोटींहून जास्त वेळा बोलतो. दीर्घिकेत तर सूर्याच्या कोट्यवधी पट वजनाचा हायड्रोजन असतो.

जानेवारी २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी ‘मंथली नोटिसेस ऑफ द रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी’ या नियतकालिकात लिहिलं की खोडदच्या दुर्बिणीने अशी एक लहर पकडली आहे जी सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. म्हणजे ती लहर निम्मी वाट चालून आली तेव्हा सह्याद्री तर सोडाच, पृथ्वीच नुकती गोळा होत होती. वाटेत विश्व पसरत गेलं आणि तिच्यासोबत लहरही ताणली गेली. निघताना वीतभर होती, खोडदला पोहोचली तेव्हा ४८ सेंटीमीटर, म्हणजे हातभर झाली होती. वीत आणि हात ही आपली जुनी मापं विश्वाच्या प्रसरणाला इतकी चपखल बसतील असं मला कधी वाटलं नव्हतं. ती ऐकू आली याला आणखी एक योग कारणीभूत होता: मध्ये एक दुसरी दीर्घिका आली, तिच्या गुरुत्वाने भिंगाचं काम केलं आणि संकेत सुमारे ३० पट वाढला.

असा योग रोज येत नाही. त्याच्या तीन वर्षं आधी, २०२० साली, पुण्याच्या केंद्रातल्या आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये वेगळी वाट दाखवली होती. दूरच्या एका दीर्घिकेचा आवाज ऐकू येत नाही ना, मग ७,६५३ दीर्घिकांचे न ऐकू येणारे आवाज एकावर एक ठेवायचे. गोंधळ एकमेकांत विरतो, सूर तेवढा साचत जातो. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये सरासरी किती हायड्रोजन होता, हे त्यातून पहिल्यांदा कळलं.

इथे कुणीही विचारेल, आणि विचारलंच पाहिजे: ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनचा आमच्या घराशी संबंध काय?

संबंध एका माणसाच्या दोन निबंधांत आहे. एडवर्ड पर्सेल हे हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ. आकाशातली ही २१ सेंटीमीटरची लहर १९५१ साली पहिल्यांदा पकडली ती त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी हॅरॉल्ड युएन याने. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर कर्ण्यासारखा अँटेना लावला होता. खालून जाणारी पोरं नेम धरून त्यात बर्फाचे गोळे टाकायची. मार्चमध्ये लहर सापडली. पण त्यांनी छापायची घाई केली नाही. हॉलंडमध्ये म्यूलर आणि ऊर्ट त्याच शोधात होते, त्यांना कळवलं, ऑस्ट्रेलियालाही कळवलं. दोघांकडून पडताळा आला तेव्हा १ सप्टेंबर १९५१च्या ‘नेचर’मध्ये अमेरिकेचा आणि हॉलंडचा निबंध सोबत आले आणि ऑस्ट्रेलियाच्या पडताळ्याची नोंदही त्यांच्याबरोबर छापली गेली. पहिलं येण्याची संधी हातात असताना थांबणारी माणसं मला फार मोठी वाटतात.

याच पर्सेल यांचा दुसरा निबंध पाच वर्षं आधीचा आहे. १९४६च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये टोरी आणि पाउंड या सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला, जेमतेम दोन पानांचा. पॅराफिन मेणातल्या हायड्रोजनच्या गाभ्यांना चुंबकीय क्षेत्रात ठेवलं तर ते ठरावीक रेडिओ लहर शोषतात, एवढंच त्यात आहे. रुग्णाचा त्यात उल्लेख नाही, डॉक्टरचा नाही, दवाखान्याचा नाही. त्या कामासाठी १९५२चं नोबेल फेलिक्स ब्लॉक यांच्यासोबत त्यांना मिळालं. आणि त्या निबंधानंतर २७ वर्षांनी, १९७३ साली, पॉल लॉटरबर यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की त्याच लहरींवरून वस्तूच्या आतलं चित्र काढता येतं. त्यांचा निबंध आधी परत पाठवला गेला होता. त्यांनी पुन्हा आग्रह धरला तेव्हा तो छापला गेला. आज त्या चित्राला आपण एमआरआय म्हणतो.

‘डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितलाय’ हे वाक्य मंचरच्या कुठल्या घरात कधी ऐकू आलं नसेल? ७० किलो वजनाच्या माणसात जवळजवळ ७ किलो हायड्रोजन असतो. अणूंची संख्या साधारण ४ वर २७ शून्यं. आजीच्या कमरेतली दबलेली नस शोधणारं यंत्र या अणूंना रेडिओ लहरींनी हाक मारतं आणि त्यांची ओ ऐकतं. खोडदची तबकडी त्याच मूलद्रव्याचं ऐकते, फरक एवढाच की तिथे हाक मारायला कुणी गेलेलं नसतं.

मेणाच्या वडीवरच्या दोन पानांतून आजीच्या मणक्यापर्यंत पोहोचायला जे लागलं ते म्हणजे छपाई. पर्सेल यांच्या वहीत ते राहिलं असतं तर लॉटरबर यांना कळलं नसतं. विज्ञानाची पहिली नियतकालिकं १६६५ साली निघाली, एक पॅरिसला, एक लंडनला. शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंग यांच्यात पुरंदरचा तह झाला ते वर्ष. तेव्हा वर्षभरात काही डझन लेख निघत. आज जगात वर्षाला ३० लाखांहून जास्त शोधनिबंध छापले जातात. ३६५ दिवसांनी भागलं तर दिवसाला ८,२००, म्हणजे साधारण साडेदहा सेकंदांना एक. मंचरच्या स्टँडवर पाच मिनिटांत चहा संपवला तर तेवढ्यात जगात २८ निबंध प्रसिद्ध झालेले असतात. त्यातले बहुतेक कुणाच्या फारसे कामाला येणार नाहीत. कुठला येईल हे मात्र आज सांगता येत नाही. १९४६ साली मेणाबद्दलही सांगता आलं नसतं.

छापून येणं म्हणजे खरं ठरणं मात्र नव्हे, आणि हे समजून घ्यायला जुन्नर तालुक्यातलंच एक गाव उत्तम आहे. कुकडी नदीच्या काठावरच्या बोरीला गाळाच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचा एक पट्टा आहे. आपला दख्खनचा काळा दगडही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षं जुना. ही राख त्याहून खूप अलीकडची आणि परकी. १९८९ साली ‘करंट सायन्स’मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर निबंध छापला आणि वय सांगितलं सुमारे १४ लाख वर्षं. मग १९९०च्या दशकात दुसऱ्या अभ्यासकांनी राखेतल्या काचेच्या कणांची रासायनिक घडण तपासली आणि म्हटलं, ही सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, ७५ हजार वर्षांपूर्वीची. त्यावर उत्तर आलं: आर्गॉन वायूच्या पद्धतीने मोजलं तर वय सात लाखांच्या आसपास येतं. राख तीच, नदी तीच, आणि तीन उत्तरांत जवळजवळ एकोणीस पटींची तफावत.

हा घोळ वाटतो. मला तो विज्ञान प्रकाशनाचा सगळ्यात सुंदर भाग वाटतो. प्रत्येकाने आकड्यासोबत ‘मी तो असा काढला’ हेही छापलं, म्हणून दुसऱ्याला ‘इथे चुकलं’ असं दाखवता आलं. आणि वाद फुकाचा नाही. त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. राखेचं वय बदललं की कुकडीकाठी माणूस कधीपासून राहतो याचं उत्तर लाखो वर्षांनी मागेपुढे सरकतं. टोबाच्या त्या ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा आकारही सांगून ठेवतो: बाहेर पडलेला ऐवज घट्ट खडकाच्या मापात सुमारे २,८०० घन किलोमीटर धरला जातो. तो अख्ख्या महाराष्ट्रावर सारखा पसरला तर थर नऊ मीटर जाडीचा होईल, तीन मजली घर बुडेल एवढा. टोबा बोरीपासून ३,२०० किलोमीटर दूर आहे.

आतापर्यंतचे आकडे दूरचे होते. आता जवळचे घेतो, आणि ते लिहिताना हात जरा जड होतो.

आंबेगाव-जुन्नरच्या माणसांनी या विज्ञानाला नुसती जागा दिलेली नाही, किंमतही दिली आहे. दुर्बीण इथे आली कारण इथे रेडिओचा कोलाहल कमी होता आणि डोंगरांचा आडोसा होता. कोलाहल कमीच राहावा म्हणून आसपासच्या उद्योगांवर, मनोऱ्यांवर, विजेच्या उपकरणांवर बंधनं आली. कारण साधं आहे: चालू असलेला एक मोबाइल चंद्रावर नेऊन ठेवला तर तिथूनही तो आकाशातल्या ठळक रेडिओ स्रोतांच्या पंगतीत बसेल, मग खिशातल्या मोबाइलची काय कथा. पुणे-नाशिक रेल्वेची वाट मंचर आणि नारायणगावची माणसं कित्येक वर्षं बघत आली आहेत. कांदा, टोमॅटो, द्राक्षं जलद पोहोचतील म्हणून. त्या रेल्वेचा आधी ठरलेला मार्ग जीएमआरटीच्या जवळून जात होता आणि दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून तो बदलावा लागेल, असं खुद्द रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केलं. ८८० कोटी वर्षं चालून आलेल्या लहरीसाठी इथली गाडी वळते. दुर्बीण जपलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण मग ज्यांच्या दारातून गाडी वळली त्यांना ती लहर काय सांगून गेली, हे कुणी घरी येऊन सांगितलं का?

आणि बिबट्या.

डिंभ्याच्या, म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागराच्या पाण्याने इथे ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, दाट असतो, आत गारवा आणि पाणी असतं. बिबट्याच्या मादीला पिलं घालायला याहून चांगली जागा डोंगरातही मिळत नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून जुन्नर वन विभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत, माणसांवर हल्ले वाढले तेव्हा सरकारने जे कुणालाही सुचेल तेच केलं. पिंजरे लावले, बिबटे पकडले आणि जंगलात नेऊन सोडले.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धोरणाचा हिशेब मांडला. वन विभागाच्या नोंदी घेतल्या, कुठून बिबटे पकडले, कुठे सोडले, हल्ले कुठे झाले, गावांत कुत्री आणि जनावरं किती, जंगलात हरणं-सांबरं किती, सगळं एकमेकांशी ताडून पाहिलं. निबंध २०११ साली ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’त छापून आला. मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू होण्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, जुन्नरला वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. त्यानंतर वर्षाला १७ झाले. ३२५ टक्के वाढ. हल्ल्यांतले जीवघेणे किती, ते प्रमाणही दुप्पट झालं. आणि हल्ले सर्वांत दाट कुठे? जिथे बिबटे आणून सोडले त्या जंगलांच्या जवळ. भक्ष्य कमी पडलं म्हणून हल्ले वाढले, हे आकड्यांतून निघत नव्हतं. ओळखीचा मुलूख सुटलेलं, पिंजऱ्यात माणसांच्या गर्दीने पिसाळलेलं जनावर अनोळखी ठिकाणी सोडलं की ते कुणाच्यातरी अंगणात उतरतं.

४ आणि १७. या लेखातल्या अगदी लहान आकड्यांपैकी हे आहेत आणि मला सगळ्यांत मोठे वाटतात. त्यांच्यामधल्या वर्षाला १३ हल्ल्यांत कुणाची तरी मुलगी आहे, कुणाची आई आहे. उपाय समजून जे केलं जात होतं तेच दुखणं वाढवत होतं, आणि हे रोज पिंजरा लावणाऱ्या माणसाला दिसू शकत नव्हतं. त्याला एक पिंजरा दिसतो, एक बिबट्या दिसतो, एका गावाचा राग दिसतो. दहा वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावरच तो उतार दिसतो. त्याच वर्षी, एप्रिल २०११ मध्ये, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माणूस-बिबट्या संघर्षासाठी देशभराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती तयार करण्यात विद्या अत्रेय यांचाही हात होता. पकडून दुसरीकडे सोडणं हा सरधोपट उपाय नाही, हे त्यांत आलं. जुन्नरच्या उसातला आकडा परदेशी नियतकालिकातून दिल्लीला गेला आणि सरकारी मार्गदर्शक तत्त्व होऊन जुन्नरला परत आला. संशोधन आणि रोजचं जगणं यांच्यातला रस्ता म्हणतात तो हाच.

पुढची पायरी अकोले तालुक्यात घडली. तिथे १७९ चौरस किलोमीटरच्या शेतीच्या मुलखात कॅमेरे लावले. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे, प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे मोजणी दुबार होत नाही. २०१३ साली ‘प्लॉस वन’मध्ये निष्कर्ष आला: दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस. त्याच १०० चौरस किलोमीटरांत माणसं ३० हजारांहून जास्त. म्हणजे सहा हजार माणसांमागे एक बिबट्या, तोही जंगलाचा पत्ता नसलेल्या भागात, पिढ्यान्‌पिढ्या. तो ‘शिरलेला’ नाही, राहणारा आहे. खातो काय? त्याच भागातल्या विष्ठेच्या तपासणीतून दिसलं की त्याच्या आहारातला ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा, त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी आहारात त्या ११ टक्केच, कारण शेळी रात्री आत बांधतात आणि कुत्रं बाहेर झोपतं. गोठ्याच्या दाराची कडी काय काम करते ते या दोन आकड्यांत लिहिलेलं आहे. उकिरडा घरापासून दूर ठेवा, कुत्र्यांची पैदास आवरा, शेळी बंदिस्त ठेवा हे सगळं नुसत्या उपदेशापेक्षा या टक्केवारीनिशी सांगितलं तर शेतकऱ्याला पटेल, कारण हिशेब त्याला कळतो.

कागदाने प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात महिन्याभरात तीन माणसं गेली, त्यांत दोन लहान मुलं. संतापलेल्या लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखला. रस्त्यावर बसलेल्या त्या माणसांना कुणी टक्केवारी ऐकवायला जाऊ नये. तो राग खरा आहे. पण रस्ता मोकळा झाल्यावर पुढे काय करायचं ते ठरवताना २०११च्या निबंधातला तो ४ आणि १७चा हिशेब टेबलावर असायला हवा, आणि त्याच्या शेजारी आजच्या उसाचा, आजच्या बिबट्यांचा ताजा हिशेब हवा. तो नव्याने मोजून, छापून आणायला हवा.

मग त्या कागदापर्यंत पोहोचायचं कसं? ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’तला जुन्नरचा निबंध वर्गणीच्या भिंतीआड छापला गेला. ज्याच्या उसात तो घडला त्याने तो विकत घेऊन वाचावा, अशी ही रचना आहे. ‘प्लॉस वन’चा तसा नाही, तिथे छपाईचा खर्च लेखकाच्या बाजूने भरला जातो आणि वाचणाऱ्याला फुकट. खगोलवाल्यांनी तर १९९१ साली सुरू झालेल्या ‘अर्काइव्ह’ नावाच्या मोफत कोठारात आपले निबंध ठेवायची रीतच पाडली आहे, म्हणून ८८० कोटी वर्षांचा निबंध मंचरमधल्या कुठल्याही मोबाइलवर उघडतो. खोडदच्या मापांचंही तसंच. २०१० ते २०१२ दरम्यान घेतलेल्या आकाश-पाहणीची सुमारे २,००० तासांची मापं साठवलेली होती. हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी ती नव्या पद्धतीने पुन्हा पिंजली आणि २०१७ साली आकाशाच्या ९० टक्के भागातल्या ६ लाख २० हजारांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी सगळ्यांसाठी खुली केली. पीक एकाने घेतलं, मळणी दुसऱ्याने केली, धान्य गावभर.

सरकारनेही हात सैल केला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर झाली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० नियतकालिकं, ६,३००हून जास्त सरकारी संस्था, १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. भागाकार केला तर माणशी वर्षाला १,१०० रुपयांच्या आसपास पडतात. चांगली गोष्ट आहे. पण या १ कोटी ८० लाखांत ज्याच्या शेळीला कडीमुळे जीवदान मिळालं तो नाही, ज्याच्या दारातून रेल्वे वळली तो नाही, बोरीला ज्याच्या शेताकडेला ती राख आहे तोही नाही. आणि यदाकदाचित त्याला दार उघडून मिळालं, तरी आतली भाषा इंग्रजी.

भाषेचं कारण मात्र मला पुरेसं वाटत नाही. आकाशातल्या हायड्रोजनची ती २१ सेंटीमीटरची लहर असणारच, हे भाकीत हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट या तरुणाने १९४४ साली जर्मन फौजांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये केलं. ते पुढच्या वर्षी छापलं गेलं ते इंग्रजीत नव्हे, डच भाषेतल्या नियतकालिकात. आजही डच बोलणारे जगभरात अडीच कोटींच्या आसपास. मराठी बोलणारे त्यांच्या तिप्पट. खोडदला दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाला दुर्बिणीची दारं उघडतात, हजारो शाळकरी मुलं आणि गावकरी येतात, आणि ८८० कोटी वर्षं मराठीत समजावून सांगता येतात. तिथे ज्याने सांगितलं त्यालाच लिहिताही येईल.

म्हणून मागणी फार छोटी आहे. आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांच्या जमिनीवर, आभाळावर, नदीवर, बिबट्यावर जो निबंध छापला जाईल त्याच्यासोबत एक पान मराठीत असावं. काय मोजलं, कसं मोजलं, किती आलं, कुठे चूक असू शकते. ते पान लेखकांनीच लिहावं आणि ज्या गावात मोजलं त्या गावाला पाठवावं. साडेदहा सेकंदांना एक निबंध काढणाऱ्या जगाला ते जड जाऊ नये. आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याला एक खिळा पुरेल.